दाखल तारीख

सेवावृत्तीने परमुलखात जाऊन राहिलेल्या माणसांविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे, ते बहुतांशी दोन टोकांत विभागलेले आढळते. एका टोकाला गौरवग्रंथ आहेत. त्यांत त्याग, करुणा, समर्पण हे शब्द पानोपानी येतात. दुसऱ्या टोकाला आरोपपत्रे आहेत. त्यांत हेतू, आमिष, कारस्थान हे शब्द तितक्याच सढळपणे वापरलेले असतात. दोन्ही प्रकारच्या लेखनात मला एक गोष्ट सातत्याने अनुपस्थित वाटत आली आहे, ती म्हणजे दिवस. सकाळी उठल्यापासून रात्री कंदील मालवेपर्यंत ही माणसे नेमके काय करीत होती, पाणी कोण भरीत होते, धान्य कोण मोजीत होते, आजारी मुलापाशी रात्री कोण बसत होते, याचा पत्ता गौरवग्रंथातही लागत नाही आणि आरोपपत्रातही नाही. आत्मचरित्र हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे असेल, पण माणसाच्या हेतूपेक्षा त्याच्या दिनचर्येवर माझा अधिक विश्वास आहे. हेतू सांगता येतो, सजवता येतो. दिनचर्या मात्र माणसाला घडवत जाते, आणि पुष्कळदा हेतूलाही बदलून टाकते.

या विचाराला निमित्त झाले ते रायपूरचे. विदर्भातल्या महाविद्यालयांत मराठी शिकवण्यात आयुष्य घालवून निवृत्तीनंतर मी माझ्या जन्मगावी परतलो. रायपूर आज एका राज्याची राजधानी आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि शहराचा चेहरामोहरा पालटला. तरीही तात्यापारा, ब्राह्मणपारा अशी नावे उच्चारली की भोसल्यांच्या अमदानीपासून येथे मुरलेल्या मराठी वस्तीची आठवण जागी होते. बिंबाजी भोसल्यांची गादी रतनपुरास होती. पुढे १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, आणि आमच्यासारखी घरे कारकुनी, मास्तरकी, वकिली करीत येथेच राहिली. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी अशा तीन भाषांत आमचे बालपण विभागले गेले होते. या प्रदेशाला ‘धान का कटोरा’ म्हणतात हे आम्ही शाळेत शिकलो. हा कटोरा एकेकाळी दोनदा रिकामा झाला होता, हे मात्र शाळेने शिकवले नाही. ते घरातल्या वृद्ध माणसांच्या बोलण्यातून कळले.

पहिला दुष्काळ १८९६-९७चा आणि दुसरा १८९९-१९००चा. दुसऱ्याला विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनचा अकाल’ असे नाव पडले, आणि मध्य व पश्चिम हिंदुस्थानात तो याच नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. छत्तीसगडची शेती एका पिकावर, म्हणजे भातावर, आणि भात पावसावर अवलंबून. हस्ताचा पाऊस फसला की दाणा भरत नाही, हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेच येथे झाले, आणि तीन-चार वर्षांच्या अंतराने दोनदा झाले. पहिल्या तडाख्यातून सावरण्यासाठी ज्याने बियाणे, बैल आणि भांडी विकली होती, त्याच्याजवळ दुसऱ्या तडाख्यात विकायला काही उरले नव्हते. त्याआधीच रेल्वे आली होती. रेल्वेने बाहेरचे धान्य आत आणता येत होते हे खरे. पण सुकाळातला तांदूळ बाहेर वाहून नेऊन गावच्या कोठारांची जुनी सवय मोडली तीही त्याच रेल्वेने. १८९१ ते १९०१ या दशकात मध्य प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. एवढे एक वाक्य लिहायला सोपे आहे; त्यामागे ओस पडलेली किती घरे आहेत, याची कल्पना शिरगणतीचे कोष्टक देत नाही.

अशा उद्ध्वस्त मुलखात परदेशी दांपत्ये येऊन राहिली. त्यांच्यातली काही आधीपासून होती. ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी १८५७च्या उठावात छोटा नागपूर सोडून अमेरिकेत गेला होता. तो १८६८ साली परत आला, रायपूरला पोचला आणि रायपूरच्या उत्तरेस पडीक जमीन घेऊन त्याने विश्रामपूर वसवले. गुरू घासीदासांचा सतनामी पंथ मूर्तिपूजा मानत नाही, तेव्हा हा समाज एकगठ्ठा आपल्याकडे येईल अशी त्याची अटकळ होती. ती खरी ठरली नाही. उलट, गावची जमीन मिशनच्या नावे असल्यामुळे धर्मोपदेशक हाच गावचा मालगुजार होऊन बसला. सारा वसूल करणारा आणि प्रार्थना चालवणारा हात एकच असणे यातली गुंतागुंत सौरभ दुबे यांनी सतनाम्यांच्या इतिहासात फार बारकाईने उलगडून दाखवली आहे. वैरी आणि उपकारकर्ता अशा सरळ विभागणीत हा इतिहास बसत नाही, हे त्यांच्या अभ्यासाचे मोल आहे.

रायपूरच्या दक्षिणेस धमतरीला जे आले ते मेनोनाइट पंथाचे अमेरिकन. जेकब रेस्लर आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर विल्यम पेज व ॲलिस पेज हे दांपत्य १८९९ साली हिंदुस्थानात उतरले आणि वर्षअखेरीस धमतरीस येऊन राहिले. म्हणजे नेमके छप्पनच्या दुष्काळाच्या तोंडाशी. हा पंथ शस्त्र न उचलणाऱ्या शेतकऱ्यांचा. जमीन, बैल आणि पेरणी त्यांना समजत होती. मराठी कानाला त्यांचे आडनाव ऐकून भाताच्या पेजेची आठवण झाल्यावाचून राहत नाही, आणि योगायोग असा की त्यांच्या वाट्याला आलेले पहिले काम पेजेचेच होते. उपदेश, शाळा, दवाखाना यांचे जे आराखडे त्यांनी बोटीवर मनाशी आखले असतील, ते बाजूला राहिले. दाराशी मुले होती.

उपाशी मुलाला जेवू घालणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. अनेक दिवसांच्या उपासानंतर पोटभर अन्न दिले तर ते मूल दगावते, हे आजचे वैद्यकशास्त्र सकारण सांगते. त्या काळच्या माणसांना ते डोळ्यांसमोर घडताना पाहून शिकावे लागले. म्हणून आधी पातळ पेज, तीही थोडी थोडी, दिवसातून अनेक वेळा. मग मऊ भात, मग डाळ. ज्या मुलाला भूक लागली आहे आणि समोर हंडा दिसतो आहे, त्याच्या हातून वाडगे काढून घेणे हे त्या दिवसांतले सर्वांत कठीण काम असले पाहिजे. हंड्याशी उभ्या असलेल्या बाईला रोज, प्रत्येक पंगतीला, हे निष्ठुर कर्तव्य पार पाडावे लागे. करुणा या शब्दाचा अर्थ आपण फार मवाळ करून ठेवला आहे, असे मला या ठिकाणी वाटते.

पुढचा दिवस कसा जात असेल, हे दुष्काळी अनाथालयांच्या एकंदर व्यवस्थेवरून समजू शकते. पहाटे घंटा. रात्रीतून कोण गेले ते पाहणे, आणि मुले उठण्यापूर्वी खड्ड्याची व्यवस्था करणे. मग विहीर, पाणी उकळून घेणे, कारण दुष्काळाच्या पाठोपाठ पटकी येते आणि ती पाण्यातून येते. डोळे आलेल्या मुलांचे डोळे धुणे, खरजेला मलम, हिवतापाला क्विनीन. धान्याच्या पोत्यांची मोजदाद. ज्यांच्या अंगात थोडे बळ आले आहे त्यांना सूत, शिवण, विटा, बागकाम असे काहीतरी शिकवणे. दुपारी लू सुटली की दारे लावून घेऊन भाषेचा धडा. संध्याकाळी प्रार्थना. रात्री कंदिलाच्या उजेडात हिशेब आणि पत्रे. कारण पैसा ज्या गावांतून यायचा होता, त्या गावांना दर आठवड्याला पत्र जाणे आवश्यक होते. दमलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दुःखाचे वर्णन देणगी येईल अशा बेताने करावे, हीदेखील त्या दिनचर्येचीच एक अवघड बाजू आहे.

या व्यवस्थेत पती आणि पत्नी यांच्या कामांची जी विभागणी होती, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यायला हवे, कारण ती भाषेत उतरली आहे. मिशनच्या इतिहासांचे व्याकरण पाहावे: त्याने ‘स्थापना केली’, तिने ‘साहाय्य केले’. हंडा, विहीर, मलम, शिवण ही सारी क्रियापदे तिची असूनही वाक्याचा कर्ता तो. ॲलिस पेज यांचेच उदाहरण घ्या. डॉक्टरांची प्रकृती ढासळली आणि १९०० सालीच हे दांपत्य मायदेशी परतले. धमतरीतला त्यांचा संसार एका वर्षाच्याही आतला. त्या महिन्यांचे तिच्या हातचे पुस्तक नाही. त्याच साली आलेल्या बर्कहार्ड दांपत्यापैकी पती १९०६ साली येथेच वारले. दुष्काळानंतर उभारणी करणाऱ्यांचा हिशेब मांडताना हे जमाखर्च बाजूला ठेवता येत नाहीत. पण त्यांचा गौरव करून थांबताही येत नाही, कारण त्याच आवारात नाव नसलेल्या मुलांच्याही रांगा होत्या, आणि त्यांच्या मृत्यूंना कोणी दगड लावला नाही.

भाषेचा धडा म्हणालो, त्याविषयी थोडे. छत्तीसगढीचे पहिले व्याकरण लिहिणारे हीरालाल काव्योपाध्याय हे धमतरीच्याच शाळेत शिक्षक होते, आणि त्या व्याकरणाचा ग्रियर्सन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८९० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या बोलीत ती मुले रडत होती, तिचे नियम दहा वर्षांपूर्वीच त्याच गावात कागदावर उतरले होते. आणि छप्पनच्या अकालाच्या ऐन भरात, जानेवारी १९०० मध्ये, माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. सप्रे मराठी घरातले. हिंदीची सेवा त्यांनी मराठी माणसाच्या चिकाटीने केली. त्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या १९०१ सालच्या कथेत जमीनदाराने झोपडी बळकावलेली एक विधवा आहे. हिंदी कथेच्या उगमाची चर्चा करताना समीक्षक या कथेचा उल्लेख करतात. तिच्या भोवतीचा मुलूख नुकताच दोन दुष्काळांतून गेला होता, याचा उल्लेख क्वचितच होतो.

मराठी वाचकाला या विषयाचा आपल्या घरातला आरसा हवा असेल तर तो दूर नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या ना. वा. टिळकांना आगगाडीत एक युरोपियन सद्गृहस्थ भेटला, काव्यावर बोलणे झाले आणि त्याने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. १८९५च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी साहित्याला वळण देणारी ही गाडी छत्तीसगडच्या दिशेने चालली होती, याचे मला रायपूरकर म्हणून नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. पण त्याहून मोलाचे ते पुढे, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त घडले. टिळक दारात माणसे आणून उभी करीत. त्यांच्या पानात काय वाढायचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. टिळकांचे तत्त्वज्ञान आणि लक्ष्मीबाईंचे पीठ-मीठ यांच्यातला जो झगडा त्या ग्रंथात चालतो, तो सेवेच्या दिनचर्येचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे. धर्म बदलण्याचा निर्णय पतीचा होता. सोवळे सुटताना काय काय सुटते, हे पाच वर्षे एकटीने सोसून मग स्वतःच्या मनाने त्या वाटेवर आलेल्या स्त्रीने तो लिहिला. याच काळात, १८९६-९७च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि निराधार मुली व विधवा यांना घेऊन गेल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून उभे राहिले. म्हणजे या कहाणीत मराठी माणूस केवळ प्रेक्षक नव्हता.

आता कठीण प्रश्नाकडे यायला हवे. भुकेल्या मुलाला दिलेली पेज आणि त्याला दिलेला धर्म या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात काय? दुष्काळ संपल्यावर ज्यांना न्यायला कोणी आले नाही अशी मुले सरकारने ज्या संस्था ती घ्यायला तयार होत्या त्यांच्या हवाली केली, आणि त्या बहुतांशी मिशनच्या होत्या. मूल धर्म निवडत नाही. येथे तर ते आईबापही गमावून बसले होते. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला आणि तो आजही दोन्ही बाजूंनी उद्धृत होतो. १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. हा वाद आजही छत्तीसगडात शमलेला नाही. विद्वानांना त्यात बाजू घेणे सोपे जाते. मला ते कठीण होऊन बसले, त्याचे कारण माझ्या प्राथमिक शाळेतल्या एक बहेनजी.

त्यांची आजी छप्पनच्या अकालात अनाथालयात आलेली. वय सात-आठ असावे. गावाचे नाव तिला सांगता आले नाही, की सांगितले ते लिहिणाऱ्याला कळले नाही, हे समजायला मार्ग नाही. वहीत तिची दाखल तारीख लिहिली गेली, आणि पुढे आयुष्यभर तोच तिचा वाढदिवस मानला गेला. नाव मिळाले तेही त्याच दिवशी. बहेनजी निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांना, नव्या प्राध्यापकाच्या उत्साहात, आजीविषयी बरेच काही विचारले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, ते आमच्या छत्तीसगढीमिश्रित हिंदीत होते, मराठीत त्याचा आशय असा: “बेटा, चर्चमधले लोक विचारायचे, आजीला प्रभूची कृपा कशी झाली. बाहेरचे लोक विचारायचे, तिला बाटवले कसे. तिला कोणती भाजी आवडायची, हे आजवर कोणी विचारले नाही.”

मग त्यांनी आपण होऊन सांगितले. आजीला चेच भाजी आवडायची, आणि रात्री पाण्यात घातलेली बासी ती शेवटपर्यंत सकाळी मिठाशी खात असे. ताटात शीत उरलेले तिला सहन होत नसे. मेमसाहेब तिला शिवण शिकवायची आणि चुकले की बोटावर सुई टोचायची. तीच मेमसाहेब देवीची साथ आली तेव्हा तिच्या उशाशी बारा रात्री बसली होती. आजी दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगे. तिला आपल्या आईचा चेहरा आठवत नव्हता, एका तळ्याचा काठ तेवढा आठवत होता. तळी तर छत्तीसगडात प्रत्येक गावाला आहेत. प्रत्येक प्रवासात, बैलगाडीतून वा धमतरीच्या छोट्या गाडीतून, तळे दिसले की ती वळून पाहत राही.

या आजीचे ऋण कोणाच्या खात्यावर मांडायचे? तिचे आयुष्य वाचले, हे खरे आहे. तिचे आयुष्य तिच्याकडून घेतले गेले, हेही खरे आहे. आणि या दोन सत्यांची वजाबाकी करून एक आकडा काढता येत नाही. समीक्षेच्या व्यवसायात आम्हांला निर्णय देण्याची सवय लागते. येथे निर्णय न देता दोन्ही सत्ये जवळजवळ ठेवून वाचत राहणे, हीच मला वाचकाची जबाबदारी वाटते. त्यात बोटचेपेपणा नाही. उलट, जो केवळ एकच सत्य निवडतो तो त्या मुलीला दुसऱ्यांदा अनाथ करतो असे मला वाटते.

उभारणी मात्र एकट्या मिशनने केली नाही, हेही नोंदवले पाहिजे. तगाईवर बैल घेऊन पुन्हा नांगर धरणारे शेतकरी, दुष्काळी कामांवर माती वाहून तळी खोदणारे मजूर, हे या पुनर्रचनेचे खरे धनी. रायपूर-धमतरी ही लहान रुळांची रेल्वे १९०० साली सुरू झाली. ती छोटी गाडी आता बंद झाली आहे. महानदीवर रुद्रीचा बंधारा आणि कालवे आले. माडमसिल्लीचे धरण १९१४ ते १९२३ या काळात बांधले गेले. कालव्याच्या पाणीपट्टीवरून १९२० साली कंडेलला सत्याग्रह झाला, त्यात पंडित सुंदरलाल शर्मांच्या बरोबरीने धमतरीचे नारायणराव मेघावाले होते. वीस वर्षांपूर्वी ज्या मुलखात माणसे पेजेसाठी रांगा लावीत होती, तेथेच ती आता पाण्याच्या हक्कासाठी उभी राहिली. मिशनचे धमतरीचे इस्पितळ १९१० साली सुरू झाले, ते आजही रुग्णांनी भरलेले असते.

दिनचर्येची ही परंपरा पुढे इतरांनीही चालवली, आणि ती धर्माच्या सीमेवर थांबली नाही. मिशनच्या कुष्ठाश्रमात स्वतः रुग्ण म्हणून राहिलेले सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ साली चांपा येथे वेगळ्या विचाराने कुष्ठसेवेचे काम सुरू केले, आणि १९७२ पासून दामोदर गणेश बापट यांनी २०१९ साली देहावसान होईपर्यंत त्यात आयुष्य घातले. मिशनपासून त्यांची श्रद्धा पूर्णपणे भिन्न. परंतु पहाटेची घंटा, जखमा धुणे, धान्याची मोजदाद यांत फरक तो कोणता? इकडे वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताई, बस्तरच्या सीमेवर हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. साधनाताईंनी ‘समिधा’ लिहिले, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. मराठीचे भाग्य असे की हंड्याशी उभ्या असलेल्या स्त्रीच्या हाती येथे लेखणीही आली. म्हणून या दांपत्यांचे दिवस आपल्याला ठाऊक आहेत.

पण हंड्याच्या पलीकडे, वाडगे घेऊन रांगेत उभी असलेली जी मुलगी, तिचे पुस्तक मराठीत नाही, हिंदीत नाही, छत्तीसगढीतही माझ्या पाहण्यात नाही. तिच्याविषयी लेखी उरली आहे ती वहीतली एक तारीख. बाकीचे, चेच भाजी, बारा रात्री आणि तळ्याचा काठ, हे तिच्या नातीच्या तोंडी होते, आणि त्या नातीलाही जाऊन आता बरीच वर्षे झाली. जे ऐकले होते ते येथे लिहून ठेवले आहे.